एक दिवस नागा नाही

मेळ्यात घेतलं तेव्हा ते ताडगोळ्याएवढं होतं,
वर तीन पानं, तीही रुसलेली.
नर्सरीवाला म्हणाला, "अडेनियम है, पत्थर समझ के पालना."
बत्तीस वर्षं मी एक्स-रे काढले
कंपूच्या मोठ्या दवाखान्यात, अंधाऱ्या खोलीत,
"श्वास रोखा… सोडा" म्हणत.
दगड काय, हाड काय, मला परकं नव्हतं.

नदीची जाड वाळू, विटेचा चुरा,
फरशी कापताना उडालेल्या खाणीतल्या कपच्या,
ओंजळभर शेणखत, तेही हात राखून.
दर दोन वर्षांनी कुंडीतून उपसायचं,
बारीक मुळं भादरायची
आणि बोटभर वर बसवायचं पुन्हा.
अशानं मातीखालचं हळूहळू माणसांत येतं.
अकरा वर्षांत त्याला मांड्या आल्या, पोट आलं.
गच्चीच्या कठड्यावर, किल्ल्याकडे पाठ करून
ते बसायचं,
पंगत उठल्यावरही न उठलेल्या पाहुण्यासारखं.

मे महिन्यात लू सुटते,
टाकीचा नळ हाताला पोळतो,
तेव्हा हे गुलाबी होतं.
सगळ्या लष्करात तेवढं एकच कुणावर चिडलेलं नसतं.

थंडीत मात्र काही म्हणजे काही द्यायचं नाही.
पानं गळतात, गळू द्यायची.
खोड सुरकुततं, सुरकुतू द्यायचं.
मफलर गुंडाळून, चहाचा कप घेऊन समोर उभं राहायचं
आणि पाणी घालायचं नाही.
एवढं शिकायला माझी चार झाडं गेली.

या पौषात पुतणीच्या बाळंतपणाला नागपूरला गेले.
किल्ली शेजारी, भदौरियाजींकडे.
बायको गेल्यापासून त्यांना सकाळचं काय करावं कळत नाही.
परतले तर जिन्यातच उभे, हातात प्लास्टिकचा मग:
"पानी बराबर दिया बहनजी, एक दिन नागा नहीं."
बाहेर कोहरा असा, की किल्ला पुसलेला.
"बड़ी मेहरबानी," म्हटलं, आणि वर गेले.

बोटानं दाबलं.
बोट आत गेलं,
पिकून काळ्या झालेल्या केळ्यात जावं तसं.

वर्तमानपत्र पसरलं. सुरी गॅसवर धरली.
चीक विषारी, म्हणून डोळ्यांवर जुना चष्मा.
तपकिरी कापलं, खाली आणखी तपकिरी,
कापत गेले,
फिल्मवरची सावली कुठे संपते ते शोधावं तशी,
पांढरं, टणक लागेपर्यंत.
निम्म्याहून कमी उरलं.
जखमेला दालचिनीची पूड चोपडली,
घरभर मसालेभाताचा वास.
मग सुतळीनं उलटं टांगलं स्वयंपाकघरात,
कॅलेंडर काढून त्याच्याच खिळ्याला.

भदौरियाजी आले. बघत राहिले.
"ये क्या हुआ इसे?"

रिपोर्ट सांगणं माझं काम कधीच नव्हतं.
डॉक्टर सांगतील, म्हणायचे,
आणि फिल्म पाकिटात सरकवायचे.
लोक माझा चेहरा वाचायचा प्रयत्न करत,
म्हणून तो मी कोरा ठेवायला शिकले.
म्हटलं, "सो रहा है."
त्यांनी मान डोलावली, स्टूल ओढलं.
आम्ही चहा प्यायलो त्याच्याखाली,
बशीचाही आवाज न करता.

फाल्गुनात ते कोरड्या वाळूत टेकवलं. पुरलं नाही.
तेव्हापासून रोज सातला घंटी वाजते.
मग काठोकाठ भरलेला.
"आज?"
"आज नहीं."
तसेच वर जातात, कबुतरांच्या परळात ओततात
आणि जरा वेळ तिथेच थांबतात.

काल शेंड्याला काहीतरी दिसलं,
तांदळाच्या कणीएवढं.
हिरवं की धूळ, कळेना.
मी श्वास रोखला.
शेजारी त्यांनीही, मग छातीशी धरून.

सोडा म्हणायचं
दोघांनाही सुचलं नाही.